नस्ती, निरंक आणि 'बोलावे': सरकारी कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

परीक्षा पास झालात, कागदपत्रांची पडताळणी झाली, रुजू अहवालही दिलात. मराठीच्या पेपरात चांगले गुण होते. तरी पहिल्याच आठवड्यात टेबलावर कागद येतो: 'सदर प्रकरणी विहित नमुन्यातील माहिती उलट टपाली सादर करावी, निरंक असल्यास तसे नमूद करावे.' मराठी आपलीच, पण करायचं काय ते कळत नाही. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब न बघताच म्हणतात, "निरंक पाठवून द्या." आता निरंक कसं पाठवायचं?

हा लेख अशांसाठी आहे: लिपिक-टंकलेखक, सहायक कक्ष अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे कालपर्यंतचे तलाठी), पंचायत समितीत नव्याने आलेले. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांपुरतंच बोलतो. आधी वाचायला शिकायचं, मग लिहायला. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवायची: या भाषेतल्या काही शब्दांमध्ये काम भरलेलं असतं आणि काहींच्या आड ते लपवलेलं असतं. पहिल्या प्रकारचे शब्द अचूक वापरायचे. दुसऱ्या प्रकारचे ओळखायचे, पण स्वतः होता होईल तो टाळायचे.

पायरी १: शब्द कुठल्या थरातला आहे ते बघा

सरकारी मराठीचे ढोबळ तीन थर आहेत.

सगळ्यात जुना थर महसुलाचा, बराचसा फारसी-अरबी वळणाचा: तहसील, जमाबंदी, फेरफार, नक्कल, दाखला, मिळकत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय द्यायलाच. तरी आजचा शेतकरी 'नक्कल' आणि 'दाखला'च म्हणतो, आणि फेरफाराची नोंद तलाठी गाव नमुना सहामध्येच घेतो. हे शब्द बदलायला जाऊ नका. त्यांना कायद्याचा नेमका अर्थ आहे.

दुसरा थर राज्य स्थापन झाल्यानंतरचा. १९६० साली भाषा संचालनालय झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, पदांच्या मराठी नावांचा पदनाम कोश निघाला. त्या कोशाची 'बदनाम कोश' म्हणून भरपूर टिंगलही झाली. आज 'कार्यकारी अभियंता' ऐकून कुणी हसत नाही; 'आहरण व संवितरण अधिकारी' (कार्यालयाचा पैसा काढून वाटणारा) मात्र अजूनही कुणी तोंडाने म्हणत नाही. तो लिहायचा शब्द आहे.

तिसरा थर इंग्रजी आद्याक्षरांचा आणि दर वर्षी नव्याने येणाऱ्या घोषणांचा. त्याच्याकडे नंतर येऊ.

नवख्याची पहिली अडचण अशी की एकाच गोष्टीला लिहिताना एक शब्द आणि बोलताना दुसरा. साहेब म्हणतात 'डीडीओ', कागदावर असतं आहरण व संवितरण अधिकारी. तोंडी 'सीआर', कागदावर कार्यमूल्यमापन अहवाल. 'डीई लागली' म्हणजे विभागीय चौकशी सुरू झाली. 'ईएल' म्हणजे अर्जित रजा, 'एलपीसी' म्हणजे अंतिम वेतन प्रमाणपत्र, 'यूसी' म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. एका वहीत दोन रकाने आखा आणि ऐकाल तशी जोडी लिहीत जा. छापील यादी शोधत बसू नका, कारण खात्याखात्यात फरक असतो. कोषागारात दिवसभर चालणारी आद्याक्षरं भूमी अभिलेखवाल्यांना ठाऊक नसतात.

पायरी २: नस्ती उघडायला शिका

नस्ती म्हणजे फाईल. तिचे दोन भाग: टिपणी भाग आणि पत्रव्यवहार भाग. कार्यालयात जे विचार झाले ते टिपणीत असतात, आणि बाहेरून आलेलं, बाहेर गेलेलं सगळं पत्रव्यवहारात. टिपणीत 'पृ. १५/प.वि.' दिसलं तर पत्रव्यवहार विभागाचं पंधरावं पान उघडायचं. मंत्रालयात महत्त्वाच्या पानांना पताका लावतात आणि परिच्छेदाच्या समासात 'अ', 'ब' अशा खुणा करतात. वरून "'अ' प्रमाणे मान्य" असा शेरा आला की फक्त 'अ' खूण केलेला प्रस्ताव मान्य झालेला असतो, सगळी टिपणी नव्हे. हा फरक फार जणांच्या नजरेतून निसटतो.

जिल्ह्यात गेलात तर सहा गठ्ठा पद्धत भेटेल, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे ठेवायचे. त्यातले दोन गठ्ठे नीट समजून घ्या: प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन. प्रलंबित म्हणजे ज्यावर तुम्ही काम करायचं बाकी आहे. प्रतीक्षाधीन म्हणजे तुमचं झालंय, दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचंय. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात महिनाअखेरीला गोषवारा काढायची वेळ आली की एखादं अनावश्यक पत्र लिहून 'अधिक माहिती' मागवली जाते आणि प्रकरण अलगद पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात जातं. प्रलंबितता कमी झाली, काम होतं तिथेच. हे शहाणपण तुम्हाला कुणीतरी शिकवेलच, न शिकलात तरी चालेल.

उरलेल्यांपैकी नियतकालिकं म्हणजे ठरलेल्या तारखेला पाठवायची विवरणपत्रं. स्थायी आदेश संचिकेत कायम लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रकं असतात. रुजू झाल्यावर पहिले काही दिवस हाताला काम नसतं, तेव्हा हीच संचिका वाचून काढा. अभिलेखांचं वर्गीकरणही जाता जाता पाहून घ्या. 'अ' म्हणजे कायम जपायचं, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'ड' म्हणजे वर्षभर.

ई-ऑफिस आलं तरी शब्द बरेचसे तेच राहिले, वर थोडे नवे चढले. यलो नोट म्हणजे कच्ची टिपणी, ती खोडता-बदलता येते. ग्रीन नोट करून पुढे पाठवली की ती पक्की, मग बदल नाही. 'डीएफए' म्हणजे मान्यतेसाठी ठेवलेला पत्राचा मसुदा.

पायरी ३: शेरे वाचा

खरं शिकायचं ते इथे. वरिष्ठ दोन-तीन शब्दांचा शेरा मारतात आणि त्यावरून तुम्ही पुढचं काम ठरवायचं असतं.

'पाहिले' म्हणजे फक्त पाहिले. ती मान्यता नाही. प्रकरणाला मान्यता हवी असेल आणि तुम्ही शेवटी 'माहितीस्तव सादर' लिहिलं असेल, तर वरून 'पाहिले' येणार आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघणार. म्हणून टिपणीचा शेवटचा शब्द नीट निवडायचा. 'अवलोकनार्थ' आणि 'माहितीस्तव' लिहिलं की साहेबांनी नजर टाकायची. 'मान्यतेस्तव' लिहिलं की हो किंवा नाही सांगायचं. 'आदेशार्थ' म्हणजे पर्याय मांडलेत, काय करायचं ते तुम्ही ठरवा. 'स्वाक्षरीसाठी' म्हणजे निर्णय झालेला आहे, पत्र तयार आहे. चारही ठिकाणी सही होईल, पण चार सह्यांची जबाबदारी चार तऱ्हेची.

'बोलावे' किंवा 'चर्चा करावी' हा नवख्यांना घाबरवणारा शेरा. बहुतेक वेळा घाबरायचं काही नसतं. साहेबांना एखादा मुद्दा कळलेला नसतो, किंवा जे सांगायचं ते कागदावर नको असतं. दुसऱ्या शक्यतेसाठी तयारीने जा. नस्ती घेऊन जा, नियमाचं पान उघडून ठेवा, आणि परत आल्यावर टिपणीत लिहा: 'दि. अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार फेरसादर.' काय ठरलं तेही एका वाक्यात लिहा. वरिष्ठांनी तोंडी आदेश दिला तर तो नंतर लेखी कायम करावा, असं १९७९ च्या वर्तणूक नियमांतच आहे. त्यामुळे असं लिहिणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. साहेबांना ते वाक्य नको असेल तर ते खोडतील, आणि मग तुम्हालाही काय ते समजेल.

'नियमानुसार कार्यवाही करावी' हा शेरा आमदार-मंत्र्यांच्या पत्रांवर सर्रास असतो. पत्र घेऊन आलेला माणूस तो होकार समजतो आणि 'साहेबांनी सही करून दिलीय' म्हणत तुमच्यापुढे उभा राहतो. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की नियमात बसत असेल तर करा. तुम्ही नियम बघा. 'तपासून सादर करावे' म्हणजे वस्तुस्थिती हवी. 'सकारात्मक प्रस्ताव सादर करावा' म्हणजे उत्तर ठरलेलं आहे, त्याला टिपणी हवी. अशा वेळी प्रस्ताव सकारात्मक लिहा, पण नियमाची स्थिती आहे तशी, कलमासह, त्याच टिपणीत मांडा. ती वगळू नका. सही कुणाचीही असली तरी चौकशीत पहिला प्रश्न 'टिपणी कुणी सादर केली' हाच असतो.

'तूर्त प्रलंबित ठेवावे' यातला 'तूर्त' फसवा. कधीपर्यंत, ते विचारा आणि तारीख लिहून घ्या. दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा अधिनियम इथे कामी येतो. त्यात कुणाही अधिकारी-कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे. सर्वांत निकडीची नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा, गरज असेल तर तीन महिन्यांत. ठरावीक दिवस दिले की 'तूर्त'चा मोकळेपणा जातो.

आणि 'दप्तरी दाखल'. वाचायला सौम्य वाटतं. अर्थ आहे: प्रकरण बंद. अर्जदाराला मात्र वाटतं आपला अर्ज दाखल झाला. त्याला लिहिताना हा शब्द वापरू नका.

पायरी ४: शासन निर्णय प्रस्तावना सोडून वाचा

शासन निर्णय, म्हणजे जीआर, हाती आला की सगळे प्रस्तावनेपासून सुरुवात करतात, आणि प्रस्तावनेतच धोरणाचे सगळे मोठे शब्द असतात. आधी 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शीर्षकाखालची यादी बघा. आधीचे कोणते निर्णय आहेत, आणि ते 'अधिक्रमित' केलेत की फक्त 'सुधारणा' केलीय? अधिक्रमित म्हणजे जुना गेला. सुधारणा म्हणजे जुना आणि नवा शेजारी ठेवून वाचायचा. त्यानंतर शुद्धिपत्रक निघालंय का ते शोधा. एखादा आकडा किंवा पदनाम चुकलेलं असतं, आणि मूळ निर्णयाच्या प्रती सगळीकडे गेलेल्या असतात, शुद्धिपत्रक मात्र पोहोचलेलं नसतं.

मग शेवटचे परिच्छेद. 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने' असं वाक्य दिसलं की पैशांबाबत विचारणा झाली आहे. खर्च कुठून करायचा त्याचं लेखाशीर्ष दिलंय का बघा. त्याखाली संकेतस्थळावरचा सांकेतांक असतो. तो टाकून मूळ प्रत उतरवून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीवर काम करू नका. सगळ्यात शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि सही.

परिपत्रक, आदेश, अधिसूचना, ज्ञापन यांत फरक आहे, पण तो कामातून कळत जाईल. एवढं धरून ठेवा की परिपत्रकाने नियम बदलत नाही.

पायरी ५: माहिती मागवणारी पत्रं

तुमच्या आयुष्यातला बराच वेळ यात जाणार आहे. मंत्रालयातून विभागीय आयुक्तांकडे पत्र येतं, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलला, तहसीलमधून मंडळात. प्रत्येक टप्प्यावर 'तात्काळ' चं 'अतितात्काळ' होतं आणि मुदत एकेक दिवसाने आटते. वर १५ तारीख दिलेली असते, तुमच्यापर्यंत 'आज दुपारी ४ पर्यंत' पोहोचते. पत्राखालची मूळ संदर्भपत्रं उलटून खरी तारीख शोधा. मग घाईची प्रतवारी लावता येते.

विधिमंडळाचं अधिवेशन चालू असेल तर हा हिशेब विसरा. 'एलएक्यू आलाय' (म्हणजे विधानसभेतला प्रश्न) किंवा 'लक्षवेधी लागलीय' असं ऐकलं की बाकी सगळं बाजूला. तिथली तारीख कुणी उगाच अलीकडे ओढलेली नसते, सभागृहात मंत्री खरोखर उभे राहणार असतात. तारांकित प्रश्नावर उपप्रश्न येतात, म्हणून विचारलेल्याच्या आजूबाजूची माहितीही ठेवायची.

आता 'निरंक'. त्याचा अर्थ शून्य, काही नाही. पण 'माहिती उपलब्ध नाही' आणि 'निरंक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. तालुक्यात एकही प्रकरण नाही, हे तपासलं असेल तर निरंक. न तपासता, मुदत संपतेय म्हणून लिहिलेलं निरंक जिल्ह्याच्या बेरजेत जातं, तिथून राज्याच्या, आणि सहा महिन्यांनी 'आपल्या तालुक्यात ही समस्याच नाही' या आधारावर निधी दुसरीकडे जातो. तपासायला वेळच नसेल तर 'माहिती संकलित करण्यात येत आहे, दि. अमुकपर्यंत सादर करण्यात येईल' लिहा. स्मरणपत्र येईल, येऊ द्या.

पायरी ६: नवे शब्द आले की पैसे कुठे आहेत ते विचारा

दर वर्षी काही शब्द भरतीला येतात. मिशन मोड, सॅच्युरेशन, अभिसरण, क्षमता बांधणी, हितधारक, पथदर्शी, डॅशबोर्ड, झिरो पेंडन्सी. व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) हे इतक्या वेगाने येतात की नवा माणूस फक्त मान हलवत बसतो.

यांना नाकं मुरडून भागत नाही, कारण यातल्या काहींत खरंच काही असतं. अहमदनगरला १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी, कामाची विभागणी, अभिलेख हे सगळं बदललं, त्याला 'लखिना पॅटर्न' म्हणतात. त्या नावामागे दाखवण्याजोगं काम होतं. नंतर 'पॅटर्न' हा शब्दच महाराष्ट्रात इतका चालला की दोन खुर्च्या हलवल्या तरी पॅटर्न होऊ लागला.

म्हणून प्रत्येक नव्या शब्दाला तीन प्रश्न: कुणी करायचं, कधीपर्यंत, कुठल्या लेखाशीर्षातून? उत्तरं मिळाली तर ती योजना. नाही मिळाली तर घोषणा, आणि तिच्यासाठी तुमच्याकडून बहुधा फक्त फोटो आणि एक विवरणपत्र हवंय.

उदाहरणार्थ 'अभिसरण'. बैठकीत फार देखणं वाटतं. व्यवहारात अर्थ असा, की या कामाला वेगळा पैसा नाही, दुसऱ्या योजनेतून, पुष्कळदा ग्रामीण रोजगार हमीतून, जुळवा. ते वाईट नाही, पण मग त्या योजनेचे नियम आणि मजूर यांचा विचार तुम्हालाच करावा लागेल. 'सॅच्युरेशन' म्हणजे एकही पात्र लाभार्थी उरता कामा नये. म्हणजे तुमच्याकडे पात्र लोकांची यादी हवी, आणि बहुधा तीच नसते. 'नावीन्यपूर्ण' हा उलट प्रकार. ऐकायला पोकळ वाटतो, पण जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा निधी असतो. हा शब्द प्रस्तावावर नेमका लागला तर पैसे मिळतात.

झिरो पेंडन्सी, म्हणजे प्रलंबित काहीच नको, याबाबत एक सावधगिरी. 'अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग केला' हे आकडेवारीत निकाली धरलं जातं. माहिती अधिकारात अर्ज चुकीच्या ठिकाणी आला तर पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचाच असतो, तिथे वर्ग करणं हे कर्तव्य आहे. पण आपल्याच कामाचा अर्ज वर्ग करणं म्हणजे टेबल साफ दिसावं म्हणून केलेला उद्योग. तो फिरून तुमच्याकडेच येतो, वर 'पुढे पाठवले' अशा एका पृष्ठांकनाची भर पडून.

पायरी ७: आता लिहा

पहिली टिपणी लिहायला सांगतात तेव्हा जुन्या नस्तीतली उचलून नावं बदलायची पद्धत आहे. साचा उचला, वाक्यं उचलू नका. हे बघा:

'सदर प्रकरणी संबंधितांकडून आवश्यक ती कागदपत्रे प्राप्त करून घेऊन नियमोचित कार्यवाही करण्यात यावी असे प्रस्तावित करण्यात येत आहे.'

कोण संबंधित? कोणती कागदपत्रं? कुणी करायचं? हे वाक्य कुठल्याही खात्यात, कुठल्याही प्रकरणात चिकटवता येईल, म्हणजेच ते या प्रकरणाबद्दल काहीच सांगत नाही. आता:

'अर्जदाराने वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला जोडलेला नाही. तो सात दिवसांत देण्याबाबत अर्जदारास कळवावे. दाखला आल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंदीबाबत निर्णय घ्यावा. पत्राचा मसुदा स्वाक्षरीसाठी सादर.'

शब्द जरा जास्त आहेत, पण साहेबांना 'बोलावे' लिहायला जागा उरली नाही. 'करण्यात यावे', 'येत आहे', 'होणेबाबत' ही क्रियापदं कर्ता गाळतात. कधीकधी ते सोयीचं असतं, मान्य. पण टिपणीत निदान एकदा तरी पदनाम येऊ द्या.

पारिभाषिक शब्दाबद्दल शंका असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि 'प्रशासन वाक्प्रयोग' बघा. साहेबांपेक्षा आधी कार्यालयातल्या जुन्या-जाणत्या कारकुनाला विचारा. कोणता शब्द कुठल्या साहेबांना चालत नाही हेही तोच सांगेल.

पायरी ८: बाहेर जाणारं पत्र

नागरिकाला लिहिताना वरचं निम्मं विसरा. 'त्रुटीपूर्ततेअभावी आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे' हे पत्र घेऊन तो माणूस शंभर रुपये भाडं मोजून तुमच्याकडेच येणार आणि 'म्हणजे काय?' विचारणार. त्याऐवजी लिहा: 'अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला नाही. तो अमुक तारखेपर्यंत या कार्यालयात द्या.' अर्ज फेटाळायचा असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कारण लेखी द्यावंच लागतं. अपील कुणाकडे करायचं, ३० दिवसांत करायचं, हेही त्याच पत्रात आलं पाहिजे. 'सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी' एवढं लिहून चालणार नाही. त्या अधिकाऱ्याचं पदनाम, इमारत आणि मजला लिहा.